दुकानात बोलतो, घरी मुका

गोंदियाजवळच्या नागऱ्याच्या भागीरथाला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, तरी त्या दिवशी सकाळी दहापासून ती इंग्रजी वाचत बसली होती. मांडीवर तेंदूपानाचं सूप, सुपात अर्धवट वळलेल्या बिड्या आणि नजर समोरच्या पडद्यावर. शेजारी तिचा बावीस वर्षांचा मुलगा रत्नपाल, कान तिच्याकडे लावून.

"उभी काठी," भागीरथा म्हणाली. "मंग एक लहान कमान. मंग साप."

"मंग?"

"काठी, पन तिले आडवी फांदी फुटली. मंग गोल मडकं, बाजूले टेकन लावलेलं. मंग दोन काठ्या जोडीनं."

रत्नपाल एकेक आकार बोटाने मांडीवर गिरवत होता. आठवीत असताना डोळ्यांच्या दुखण्यात त्याची नजर गेली होती, पण तोवर शिकलेली अक्षरं त्याने जपून ठेवली होती. काठी, कमान, साप हे जोडून जोडून त्याने पहिला शब्द लावला, इन्स्टॉलर. एका शब्दाला पाव तास लागला. तशी एक अख्खी ओळ आणि खाली आणखी दोन ओळी होत्या. दुसऱ्या कोणाला हे काम सांगितलं असतं तर तो दुसऱ्या शब्दालाच उठून गेला असता. भागीरथाला मात्र मजा वाटू लागली होती. साप पुन्हा आला की ती रत्नपालच्या आधी ओळखायची.

कंप्युटर तिच्या भावाने, यादोरावाने दिलेला. त्याने नवा घेतला आणि जुना भाच्याला धाडला, भाचा नागपूरला असतानाच. रत्नपाल सहा महिने नागपूरला राहून अंध मुलांसाठीचं कंप्युटरचं शिक्षण घेऊन आला होता. पडद्यावरचं सगळं मोठ्याने वाचून दाखवणारा एक प्रोग्राम असतो, तो असला की त्याची बोटं की-बोर्डवर अशी पळायची की डोळस माणसाने बघत राहावं. एकवीस तारखेला नागपुरात एका सरकारी कार्यालयात टेलिफोन ऑपरेटरच्या जागेसाठी टायपिंगची परीक्षा होती. आज नऊ. रोज सराव झाला नाही तर बोटं जड पडतात, हे त्याने आईला येताक्षणीच सांगून ठेवलं होतं. आणि तो बोलणारा प्रोग्रामच कंप्युटरमध्ये शिरायला तयार नव्हता. रत्नपालने नागपूरहून पेन ड्राइव्हमध्ये आणला, चालवला, की खट्‌ करून ही इंग्रजीची चौकट समोर यायची आणि सारं जागच्या जागी ठप्प व्हायचं.

जेवणवेळेपर्यंत ओळ लागली. रत्नपालने तिचा अर्थ सांगितला, की बनवणाऱ्याने प्रोग्राम जसा बांधून दिला होता तसा तो आता राहिलेला नाही, मधात कोणीतरी हात घातला आहे, म्हणून तो स्वतःच पुढे जायला नकार देतो आहे.

हे भागीरथाला लगेच कळलं. बिडीच्या कारखान्यात बंडलाचा दोरा कोणी सोडून परत बांधला असला की तपासणारा ते बंडल न मोजताच बाजूला फेकतो. तिच्या मते त्या प्रोग्रामचं काहीच चुकलं नव्हतं. पण हात घातला कोणी, हा प्रश्न तिच्या डोक्यात जो बसला तो उठेना.

दुसऱ्या दिवशी मायलेक गोंदियाला निघाले. कंप्युटरचा डबा भागीरथाने शालीत गुंडाळून ऑटोत मांडीवर घेतला. बाजारातल्या एका गल्लीत हिमांशुचं दुकान होतं. हिमांशु मराठी समजायचा, बोलायचा मात्र हिंदीच. त्याने तासभर खटपट केली आणि मान हलवली.

"मौसी, इसमें एक वायरस नहीं है, पूरा खानदान बैठा है," तो म्हणाला.

मग त्याने सावकाश समजावून सांगितलं. हा वायरस स्वतः कुठे दिसत नाही. तो दुसऱ्या प्रोग्रामांच्या अंगात शिरतो. नवीन काही आणलं, की ते उघडायच्या आधीच त्याच्यात जाऊन बसतो. म्हणून नागपूरहून आणलेली चांगली वस्तूही इथे लावल्याबरोबर बिघडली, आणि तो पेन ड्राइव्हही आता कामाचा राहिला नाही. हिमांशुने कंप्युटर पार धुऊन पुसून कोरा केला, नव्याने सारं भरलं, वायरसवर एक रखवालदार बसवला आणि बोलणारा प्रोग्राम इंटरनेटवरून ताजा उतरवून घातला. दुकानातच कंप्युटर बोलू लागला. नाकात बोलणारा, घाईतला आवाज. रत्नपालचा चेहरा असा उजळला की भागीरथाने पदर तोंडाला लावला.

घरी आल्यावर संध्याकाळी तासभर त्याने सराव केला. शेजारची खुशबू, कॉलेजात जाणारी पोरगी, मुद्दाम ऐकायला आली. सगळं झकास चाललं होतं.

सकाळी नेहमीप्रमाणे भागीरथा अंधारातच उठली, आंघोळ केली, वंदना लावली, बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावून हात जोडले, चहा ठेवला. रत्नपाल विहिरीवरून आंघोळ करून आला आणि कंप्युटरपुढे बसला. कंप्युटर सुरू झाला, पण बोलेना. खट्‌ करून चौकट तेवढी आली. भागीरथाने वाकून पाहिलं.

"काठी, कमान, साप," ती म्हणाली.

परत ऑटो, परत शाल, परत हिमांशु. आता त्याला राग आला नाही, नवल वाटलं. रखवालदारसुद्धा मेलेला निघाला. त्याने पुन्हा सगळं धुतलं. दुकानात कंप्युटर पोपटासारखा बोलला. संध्याकाळी घरी बोलला. सकाळी मुका. तारीख झाली चौदा.

"आपल्या घरातच काही तरी आहे," रत्नपाल म्हणाला. चिडला नव्हता तो. लहानपणी घड्याळ उघडून आतलं पाहायचा, तसा त्याचा चेहरा झाला होता. दुकानातून निघाल्यापासून सकाळपर्यंत या डब्यासोबत काय काय होतं, ते सगळं एकेक करून सांग, काही सोडू नको, असं त्याने आईला बजावलं.

भागीरथाने इमानदारीने सांगितलं. ऑटोत मांडीवर घेतला. शाल काढली. टेबल पुसून त्यावर ठेवला. तारा खुशबूने जोडल्या. तू बसला, सराव केला, तूच बंद केला. रात्री मी त्यावर कापड झाकलं. सकाळी कापड काढलं.

"आणि?"

"आनखी काई नाई. कोन हात लावते त्याले?"

रत्नपालने मोठा विचार केला. तारांचा दोष असेल म्हणून खुशबूच्या घरून दुसऱ्या तारा आणवल्या. विजेच्या कमीजास्त दाबाचा संशय घेतला. झाकायचं कापडही त्याने हुंगून पाहिलं, कारण ते तेंदूपानाच्या गठ्ठ्यावरचं होतं. भागीरथा त्याच्याबरोबर हिरिरीने शोधत होती. तिने टेबलाखाली झाडूसुद्धा मारला. एवढं करून दोघं जिथे होते तिथेच होते, आणि परीक्षा जवळ येत होती. फुकट गेलेला दर दिवस भागीरथा बोटांवर मोजायची, पण पोराला उत्साह होता म्हणून त्याच्यापुढे कुरकुरत नव्हती.

सोळा तारखेला सकाळी रत्नपालला विहिरीवर जायला उशीर झाला. तो सपरीत, घरापुढच्या पडवीत, बसून दातून करत होता. आत वंदना चालू होती. त्रिसरण झालं, पंचशील सुरू झालं. तेवढ्यात बाहेर रस्त्यावरून कोणीतरी त्याला हाक मारली, पण पुढे काय म्हणतात ते त्याला ऐकू येईना.

"माय, टेपचा आवाज थोडा कमी कर न वं," तो म्हणाला.

"कोनता टेप?" भागीरथा चुलीजवळून म्हणाली. "टेपचा पट्टा तर पोळ्यालेच तुटला. तू नागपूरले होता तवा."

रत्नपालने दातून तोंडातून काढली.

"मंग वंदना कशावर लागून रायली?"

"तुया कंपुटरावर."

तिने ते इतकं सहज सांगितलं, की तिलाही आधी काही वाटलं नाही. मग तिच्या हातातला चिमटा तसाच राहिला.

खरं म्हणजे यात लपवण्यासारखं काही नव्हतं. टेप बिघडला तेव्हा विहारातल्या सुमित्राबाईंनी वंदना एका पेन ड्राइव्हमध्ये भरून आणली. निळ्या दोऱ्याचा तो पेन ड्राइव्ह रोज सकाळी पाच घरांत फिरायचा. ज्याच्याकडे वंदना झाली त्याने तो पुढच्या घरी द्यायचा, संध्याकाळी तो विहारात जायचा, सकाळी परत भागीरथाकडे यायचा. कंप्युटरला कुठे लावायचा आणि कोणत्या चित्रावर दाबायचं हे खुशबूने तिला शिकवलं होतं. कंप्युटर दुकानातून धुऊन आला की तिला वाटायचं, आता हा नवा झाला. नव्या कामाला आधी वंदना पाहिजे. घर बांधलं तेव्हा केली, रत्नपाल नागपूरला निघाला तेव्हा केली. मग पोराच्या परीक्षेच्या यंत्राला कशी नको?

"तू मले काऊन नाई सांगितलं?" रत्नपालने विचारलं.

"तू म्हनला, कंपुटरसोबत काय काय केलं ते सांग," भागीरथा म्हणाली. "वंदना का कंपुटरसोबत करतात?"

रत्नपाल जो हसायला लागला तो थांबेना. भागीरथा हसली नाही. ती आत गेली, निळा दोरा ओढून तिने तो पेन ड्राइव्ह काढला आणि तळहातावर ठेवून पाहत राहिली. आगपेटीतल्या काडीपेक्षा जरासा लांब. आपल्याच हाताने आपण रोज सकाळी पोराच्या वाटेत काटे टाकत होतो, तेही हात जोडून, हे तिला सहन होईना. डोळे भरून आले तेव्हा ती पाठ फिरवून उभी राहिली. रत्नपालला दिसत नव्हतं, तरीही.

त्याच दुपारी तिसऱ्यांदा शाल निघाली. या वेळी भागीरथाने हिमांशुच्या हातात आधी तो निळा दोरा दिला. त्याने तो जपून वेगळ्या कंप्युटरवर उघडला आणि खानदानच तिथे होतं. पाच घरांतला मळ रोज गोळा होत होता आणि रोज पाच घरांत वाटला जात होता. हिमांशुने वंदनेची फाइल तेवढी उचलून एका कोऱ्या सीडीवर लिहिली, बोलणारा प्रोग्राम दुसऱ्या सीडीवर लिहिला, आणि पेन ड्राइव्ह धुऊन परत दिला. सीडीवर एकदा लिहून बंद केलं की मागून तिच्यात कोणालाच काही घुसवता येत नाही, वायरसलाही नाही, असं त्याने सांगितलं. भागीरथाने ते दोनदा विचारून घेतलं.

संध्याकाळी ती विहारात उभी राहिली. बोलायची तिला सवय नव्हती. तिने सुमित्राबाईंना आणि बाकी बायांना सरळ सांगितलं, की आपल्या पाचही घरच्या कंप्युटरना एकच आजार आहे आणि तो आपण वंदनेच्या निळ्या दोऱ्याला बांधून एकमेकींना देत होतो. कोणी तिला नावं ठेवली नाहीत. उलट खुशबूची आई म्हणाली, की म्हणूनच आमचा बसल्या बसल्या बंद पडतो होय. दुसऱ्या दिवशी चार डबे गोंदियाला निघाले.

पण भागीरथाच्या मनातली भीती गेली नव्हती. सतरा तारखेच्या सकाळी ती उठली, आंघोळ केली, मेणबत्ती लावली, मनातल्या मनात वंदना म्हटली आणि कंप्युटर असलेल्या खोलीत पाऊलही न टाकता अंगणात सूप घेऊन बसली. वंदनेची सीडी तिने फोटोमागे ठेवून दिली होती. आवाज नाही, काही नाही. घर कसंतरीच वाटत होतं.

रत्नपाल आंघोळ करून आला. कंप्युटर सुरू केल्याचा आवाज तिने ऐकला आणि तिची बोटं पानावर थांबली. चौकटीचा तो खट्‌ आता येईल, असं तिला वाटलं. तो आला नाही. नाकातला घाईचा आवाज बोलू लागला आणि भागीरथाने श्वास सोडला. आता बटणांचा टकटकाट सुरू होईल म्हणून ती वाट पाहू लागली. पण तो सुरू होईना. बराच वेळ झाला. शेवटी न राहवून ती दारापाशी गेली. रत्नपाल हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसला होता.

"काऊन बसून रायला?" तिने विचारलं. "बिघडला का अजून?"

"बोलून रायला न. आयकू नाई येत का?"

"मंग कर न सुरू. चार दिवस रायले."

"कसा करू?" रत्नपाल म्हणाला. "वंदना कुठं झाली अजून?"

भागीरथाने फोटोमागची सीडी काढली, पदराने पुसली आणि कंप्युटरजवळ आली. कोणती बाजू वर ठेवायची ते तिला ठाऊक नव्हतं. हिमांशुने लिहिलेली अक्षरं वर ठेव, असं रत्नपालने सांगितलं. तिने अक्षरं पाहिली. त्यांत साप नव्हता, दोन कमानी होत्या. अक्षरं वर ठेवून तिने सीडीचा खण आत ढकलला आणि मुलाच्या शेजारी खाली बसली. वंदना सुरू झाली तेव्हा दोघांचे हात जोडलेले होते. ती संपल्यावर रत्नपालने बोटं की-बोर्डवर ठेवली.