कथबर्टदादांचं नवं नाव

आरवचं लग्न झालं ते २०२२ साल. कॉव्हेंट्रीच्या हॉलमध्ये जेवणं चालली होती आणि नवी नवरी अक्षया माहेरचंच नाव ठेवणार, यावरून बायकांची कुजबुज रंगली होती. आरवच्या आजीच्या, म्हणजे श्यामलाबाईंच्या शेजारी बसलेले कथबर्टदादा जिलेबी मोडता मोडता थांबले.

"तुमच्यात नाव बदलतात?"

"आडनाव तर बदलतंच. माझं पाळण्यातलंही बदललं. मी अनुसया होते. सासऱ्यांना श्यामला आवडलं."

"तुला विचारलं कुणी?"

"हात्तिच्या! विचारतंय कोण?" श्यामलाबाई हसल्या. दादा हसले नाहीत.

चाळीस वर्षं दोन्ही घरांच्या मध्ये एकच कुंपण. दादा जमैकाहून आलेले. मोटारीच्या कारखान्यात श्यामलाबाईंचे यजमान रघुवीरराव यांच्या शेजारच्या मशिनवर. दादांच्या बायकोने, आयरिसने, श्यामलाबाईंना बस, बाजार आणि इथली थंडी, तिन्ही शिकवलं होतं. ती जाऊन नऊ वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवशी दादा एक फोटोकॉपी घेऊन आले. लंडनला जुनी दफ्तरं चाळून काढलेली, जमैकातल्या एका उसाच्या मळ्यावरच्या गुलामांची यादी. नाव, रंग, वय. दादांनी एका ओळीवर बोट ठेवलं: मिंबा, काळी, वय सहा.

"माझी खापरपणजी. मळ्याचा मालक हॅलम. सुटका झाल्यावर त्याचंच आडनाव आम्हाला चिकटलं. चौऱ्याऐंशी वर्षं मी त्या माणसाचा शिक्का घेऊन फिरतोय, शामला. डॉक्टर म्हणतात, पुढचा उन्हाळा दिसायचा नाही. मला कथबर्ट मिंबा होऊन मरायचंय."

नाव बदलल्याचा कागद करणं सोपं होतं. दोन साक्षीदार आणि सही, बस्स. अवघड होती ती लेक, मार्वा.

"मम्मीच्या थडग्याच्या दगडावर हॅलम कोरलंय," ती कडाडली. "तिला तिथे एकटी टाकणार तुम्ही?"

लेकीच्या होकाराशिवाय दादा सही करीनात. कागद फ्रिजवर चुंबकाखाली लटकत राहिला.

फेब्रुवारीत दादांनी अंथरूण धरलं, तेव्हा श्यामलाबाईंनी मार्वाला त्यांच्या स्वयंपाकघरात गाठलं.

"मार्वा, माझं नाव बदललं, तरी माझी आई मला मरेपर्यंत अनुसयाच म्हणायची. नावावरून आम्ही मायलेकी तुटलो नाही."

"आंटी, ते वेगळं."

"वेगळंच आहे. आयरिसने हॅलम नाव तुझ्या बापाकडून घेतलं, प्रेमानं. त्या मळेवाल्याकडून नाही. ते तिचंच राहील."

"आणि माझं?"

"तुझं तू ठरव. दादा तरी दुसरं काय मागतायत?"

मार्वा बराच वेळ नळाखाली तोच कप धूत राहिली. मग म्हणाली, "शनिवारी करू."

शनिवारी श्यामलाबाई ताटात तांदूळ पसरून घेऊन आल्या. लग्नात नवरीचं नवं नाव अंगठीने असंच लिहितात. नुसत्या कागदाने नाव लागत नाही, असं त्यांचं ठाम मत.

"अगं, तो काय नवरी आहे?" रघुवीरराव म्हणाले.

"साडी नेसवू नका, म्हणजे झालं," उशीवरून दादा पुटपुटले.

ताट दादांच्या मांडीवर ठेवताना मात्र श्यामलाबाईंचा हात अडखळला. त्यांचं नाव नवऱ्याने लिहिलं होतं. त्या नुसत्या बघत बसल्या होत्या. "दादा, तुमचं तुम्हीच लिहा," त्या म्हणाल्या. "कुणाला हात लावू देऊ नका."

मार्वाने आपल्या बोटातली आईची अंगठी काढून बापाच्या हातात दिली. अक्षरं वेडीवाकडी आली. दोनदा तांदूळ सांडले. 'मिंबा' पुरं झालं तेव्हा दादांनी ते मोठ्याने वाचलं आणि सगळ्यांकडे असं पाहिलं, की रघुवीररावांनी चष्मा पुसायला काढला.

मग कागदावर एक सही जुन्या नावाने, एक नव्या. साक्षीदार म्हणून श्यामलाबाई आणि रघुवीररावांनी सह्या केल्या. मार्वा हॅलमच राहिली. त्या तांदळाचा तिने नारळाचं दूध आणि राजमा घालून भात केला. दादांनी तीन चमचे खाल्ला आणि मीठ कमी आहे म्हणून तक्रार केली.

१४ मार्च २०२३, मंगळवारी सकाळी कथबर्ट मिंबा वारले.