विनोदचा आराम

प्रफुलचं डोकं फिरायचंच बाकी होतं. कुरखेड्यात पत्र्याच्या शेडमध्ये जिम चालवणं म्हणजे आधीच डोक्याला ताप, त्यात हा विनोद. चंद्रपूरच्या शरीरसौष्ठव स्पर्धेत उभं करावं असं एवढं एकच पोरगं त्याच्या हाताला लागलेलं. त्याला वेळापत्रक बांधून दिलं होतं: एक दिवस छाती, एक दिवस पाठ, मग पाय, मग खांदे, आणि रविवारी निव्वळ आराम. अंग आरामातच भरतं, हे सांगून सांगून प्रफुलच्या तोंडाला फेस आला होता. तरी स्पर्धा तोंडावर आली आणि हा भरायचा सोडून उतरत चाललेला. सोमवारी तर कंबर धरूनच यायचा.

"रविवारी चोरून स्क्वॉट मारून राह्यला का बे?"

"नाई भाऊ. घरी आरामच करतो."

प्रफुलचा काडीचा विश्वास बसला नाही. रविवारी गाडी काढून तो थेट विनोदच्या गावी गेला. विनोद गुडघाभर चिखलात होता, कावडीला पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, ओल्या पेंढ्या लावून शेताच्या या बांधीतून त्या बांधीत पळत होता. त्याची आई बुधरी बायांसोबत धान रोवत होती.

"हा आराम हाय तुहा?"

"हे काम थोडीच हाये भाऊ? रोवणा हाये," विनोद म्हणाला.

प्रफुलनं कपाळाला हात लावला. "स्पर्धा होईपर्यंत सोड हे."

बुधरीनं मान वर केली. "ह्या बाया आमच्या बांधीत रोवून गेल्या. आता ह्यांच्या बांधीत आमी नाई जावं?"

"मंग स्पर्धाच राहू द्या भाऊ," विनोद शांतपणे म्हणाला.

चूक आपलीच, हे कळल्यानं प्रफुल आणखीच चिडला. मोबाईलवरचं वेळापत्रक उचलताना त्याला रोवणा आठवला नव्हता, आणि तो स्वतः इथलाच. "पाय आन् पाठ आजच झाली समज," तो बांधीच्या कडेला धुऱ्यावर बसत म्हणाला. "जिममधी ते बंद. उद्या दिवसभर झोपायचं."

"उद्या सोमाजीभाऊच्या बांधीत जा लागते. त्याच्या घरून मानूस आलता, आपला मानूस तं द्याच लागन."

प्रफुलनं बुधरीकडे पाहिलं. "मानसाच्या बदली मानूस चालते का, बाई?"

"चालते नं," बुधरी म्हणाली.

सोमवारी जिमला कुलूप घालून प्रफुल सोमाजीच्या चिखलात उतरला आणि दुपारपर्यंत त्याचे पाय लटपटायला लागले. मान वर करतो तर धुऱ्यावर विनोद, पँट वर दुमडून.

"झोप येऊन नाई राह्यली भाऊ."

"मंग डोळे मिटून पडून राह्य," प्रफुल कंबर धरत म्हणाला. "पन घरी जा. माही कंबर फुकट घालवू नको."