बाबांच्या शेजारची जागा

खाणीला पहिली परवानगी मिळाली तेव्हा सगळ्यात पुढे होता तो दादा. कंपनीच्या ड्रिल मशीनवर ऑपरेटर ना तो! जुनी दफनभूमी खाणीच्या हद्दीत येत होती, म्हणून कंपनीने माळावर नवी बांधली. साहेब म्हणाले, आपल्या कामगारांनी आपली माणसं आधी हलवावीत, म्हणजे बाकीचे तयार होतील. दादाने नंदीबैलासारखी मान डोलावली.

आईची अट एकच. "त्यांच्या शेजारची जागा माझी. शब्द दे."

दादाने दिला. बाबांना माळावर नेलं आणि त्याच आठवड्यात कोर्टाची स्थगिती आली. निकाल लागेपर्यंत जुन्या-नव्या दोन्ही दफनभूमींत कुदळ लावायची नाही. बाकी कुणाचं कुणी हललं नव्हतं. एवढ्या मोठ्या माळावर बाबा एकटे.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आम्ही कुठे चढलो होतो? एका कोर्टाने परवानगी रद्द केली, वरच्याने पुन्हा दिली, मग फेरसुनावणी. नुसतं तळ्यात-मळ्यात. दादा बंद मशीनला ग्रीस लावून घरी यायचा. गावात कुणी गेलं तर शहरात न्यायचे.

बाबांचा जुना खड्डा आईने बुजवू दिला नव्हता. रोज संध्याकाळी ती तिथे जायची आणि आत पडलेला पाला काठीने काढायची. मला संताप यायचा.

"रिकाम्या खड्ड्याची कसली सेवा करतेस?"

"अगं, निकाल फिरला आणि परत आणावं लागलं तर? तयार असलेला बरा."

मग आईच गेली. दादा कुदळ घेऊन माळावर धावला. फाटकावरचा वॉचमन त्याचा लहानपणचा दोस्त. तो रडत होता, पण बाजूला झाला नाही. वकील म्हणाले, अर्ज करू, तारीख पुढच्या महिन्यात मिळेल. दादा अंगणात येऊन मटकन बसला.

"मी शब्द दिला होता तिला."

माझ्या तोंडावर आलं होतं, दे अजून शब्द. पण त्याच्याकडे बघवेना. मी म्हटलं, "जुना खड्डा आहे की. तो खणावा लागत नाही."

आईला आम्ही बाबांच्या खड्ड्यात ठेवलं. आत एक पानही नव्हतं.

पुढच्या महिन्यात स्थगिती उठली. दादा धापा टाकत घरी आला. "आता आईला नेऊ या बाबांकडे."

"आणि नेता नेता परत स्थगिती आली तर? ती कुठे राहील, फाटकावर?"

चार दिवसांनी कुणीतरी वर अपील केलंच.

हल्ली कामावरून सुटला की दादा माळावर जातो. बाबांच्या शेजारी एक माणूस मावेल एवढ्या जागेवरचं गवत उपटतो आणि हात धुऊन घरी येतो. मी चहा ठेवते.