रुईचा नवरा आणि मी

मी गाडा बोलतोय. बैलांचा नाही, तसा गैरसमज होतो, म्हणून आधीच सांगतो. मी म्हणजे एक सागवानी फळी, एका माणसाला पाय दुमडून बसता येईल एवढी, आणि तिच्याखाली बाभळीची चार बुटकी चाकं. अकोटहून अंजनगावकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला एका निंबाखाली मी पडलो आहे. एक चाक तुटलं, बाकीची कुणीतरी काढून नेली. तेव्हा आता मला गाडा म्हणावं का, याची मलाच खात्री नाही.

मला सांगायचं आहे ते एका माणसाच्या लग्नाबद्दल. लाकडानं अशा विषयावर बोलावं की नाही, हे मी पुष्कळ दिवस ठरवू शकलो नव्हतो. अजूनही वाटतं, मला त्यातलं कितपत कळलं असेल? पण त्या माणसाच्या अंगाला त्याच्या आईखालोखाल मीच लागलो होतो. दुसरं कुणी सांगणारं मला तरी दिसत नाही.

त्याचं नाव चंद्रभान. अकोटच्या कडेला माळ्यांच्या बाड्या आहेत, त्यांतली एक त्यांची. वांगी, मेथी, झेंडू, शेवंती. लहानपणी त्याला ताप आला आणि ताप उतरला तेव्हा कमरेखालचं बळ गेलेलं होतं. त्याची आई पार्बताबाई त्याला आधी कडेवर आणि मग पाठीवर घेऊन हिंडली. त्याच्या ओठावर मिसरूड फुटली तेव्हा तिची पाठ थकली, आणि तिनं नत्थुजी सुताराकडून मला करून घेतलं. हातांत धरून जमिनीवर रेटायला नत्थुजीनं दोन ठोकळेही दिले.

पहिल्या दिवशी चंद्रभान माझ्यावर बसला आणि अंगणातून एकटाच रस्त्यापर्यंत गेला. पार्बताबाई मागे धावली. "हळू जाय, पडशीन," म्हणाली. तिच्या आवाजात आनंद होता की धास्ती, मला ओळखता आलं नाही. दोन्ही असावं.

बाजारात त्याचं फुलांचं दुकान होतं. दुकान म्हणजे गोणपाट, पाण्याची बादली आणि मी. गावातल्या निम्म्या नवरदेवांच्या मुंडावळ्या त्यानं गुंफल्या. बांधायलाही लोक त्यालाच सांगत, कारण त्याच्या गाठी ढिल्या पडत नसत. नवरदेव त्याच्यापुढे वाकायचा, तो बांधायचा, वरात पुढे जायची. वाजंत्री दूर जाईपर्यंत त्याचे हात रिकामे असायचे. एरवी ते कधी रिकामे नसत.

माणसं त्याच्याशी बोलत नसत; त्याच्या डोक्यावरून त्याच्या आईशी बोलत. "याले झोप येते का वं नीट?" "याले तिखट चालते?" एकदा त्यानं वर पाहून सांगितलं, "तिखट चालते, मामी. बोलनंही चालते." मामी हसली आणि पुन्हा आईलाच विचारू लागली.

मग शकुन आली. नवरा वारल्यावर ती भावाकडे, भगवंताकडे, राहायला आली होती. भगवंताची बाडी यांच्या शेजारची. भाजीची टोपली घेऊन ती बाजारात आमच्या बाजूला बसली. त्यांचं पहिलं बोलणं माझ्यावरूनच झालं.

"तुमची बग्गी सरकवा थोडी. माही मेथी दबून राह्यली."

"बग्गी नाई, गाडा हाय."

"मंग बैल कोठी हाय?"

"मीच."

"खाता काय?"

"तुमची मेथी दबली तं तेच."

ती हसली, आणि मेथीची एक जुडी तिनं माझ्यावर ठेवली. बोलताना ती खाली बसायची. उभी असली तरी बोलायचं म्हणून बसायची. मला हे मोठं वाटलं. कदाचित मी खालचा आहे म्हणून वाटलं असेल.

त्या वर्षी कापसाच्या जिनाच्या मागच्या मैदानात तंबूतला सिनेमा आला. मुका सिनेमा, पेटी वाजवणारा एक आणि चित्र समजावून सांगणारा एक. बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे, मध्ये दोरी. गाडा वाटेत नको म्हणून चंद्रभानला अगदी पुढे दोरीला लागून बसवलं. दोरीपलीकडे शकुन होती. ती आधीपासून तिथे होती की उठून आली, ते मी पाहिलं नाही.

चित्रात एक पांगळा राजपुत्र होता. एका कोष्ट्याच्या पोरीवर त्याचा जीव जडतो. लोक हसतात, पोरगीही तोंड फिरवते. शेवटी देवी प्रसन्न होते, राजपुत्र उभा राहतो, चालतो, आणि पोरगी त्याच्या गळ्यात माळ घालते. तंबूत टाळ्या पडल्या. कुणी देवीच्या दिशेनं फुलं फेकली. ती चंद्रभानकडूनच घेतलेली होती.

टाळ्यांमध्ये शकुन हळूच म्हणाली, "पाय आले म्हनून पोरगी भेटली. नसते आले तं?"

 दोरीखालून तिचा हात आला आणि त्याच्या पावलावर टेकला. त्याचं पाऊल हलत नसे, म्हणून लोकांना वाटे की ते मेलेलं आहे. मला माहीत होतं तसं नाही ते. उन्हाळ्यात माझी फळी तापली की तो हातांनी पाय उचलून बाजूला ठेवायचा.

"हात लागला ते कयते का?" तिनं विचारलं.

"कयते. सारं कयते."

पेटी वाजायची थांबली तरी तो हात तिथेच होता. त्याच्या बोटांनी माझी कड घट्ट धरली होती. ते पडद्यापुढच्या उजेडात कुणाला दिसलं नसेल. मला लागत होतं.

पुढचं त्यांनी बाजारात, भाजी आणि फुलांच्या आडून ठरवलं. शकुन म्हणाली, "चांदूर बाजारले माही मावशी हाय. तिच्याइथं राहू. तुमी हार करा, मी भाजी विकन. लोक चार दिवस बोलतीन."

चंद्रभान म्हणाला, "नाई. सगळ्यांच्या देखत करू. मले पयून जाता येत नाई, आन् जायाचंही नाई."

त्याला काय हवं होतं ते मला समजत होतं. इतक्या कपाळांना मुंडावळ्या बांधलेल्या माणसाला आपलं कपाळ रिकामं राहू द्यायचं नव्हतं.

आमच्या माळ्यांत विधवेचं पुन्हा लग्न लागतं; त्याला मोहतूर म्हणतात. पण लग्न न झालेल्या पुरुषाला विधवेशी लग्न करायचं असेल, तर आधी त्याचं रुईच्या झाडाशी लग्न लावतात. रुई त्याची पहिली बायको. मग घरातलं वडीलधारं माणूस ती रुई उपटून टाकतं. बायको मेली असं धरतात, नवरा विधुर होतो, आणि मग त्याची आणि विधवेची जोडी बरोबरीची होते. कुणी ठरवलं ठाऊक नाही. शिकलेली माणसं याला हसतात. तिथं कुणी हसत नव्हतं.

चंद्रभाननं आईला सांगितलं तेव्हा मला वाटलं ती रडेल, भांडेल. ती भाकर थापत होती. थोडा वेळ थापतच राहिली. "रुईसंग लावून देऊ अगुदर," म्हणाली. एवढ्या सहज ती हो म्हणाली याची मला शंका यायला हवी होती. मी आनंदात होतो. चाकं आनंदात असतात का, हा प्रश्न तुम्ही विचारू शकता.

बाडीच्या टोकाला, पाटापलीकडे एक रुई होती. चंद्रभानचा धाकटा भाऊ शालिकराम यानं आम्हां दोघांना उचलून तिथे नेलं. पार्बताबाईनं आधी रुईला हळद लावली, मग मुलाला. पंच बसले होते. मुंडावळ्या चंद्रभाननं स्वतःच गुंफल्या होत्या. त्या आईनं बांधल्या. वाजंत्री नव्हती. रुईवर अक्षता पडल्या, काही माझ्यावर. भगवंतानं मोहतुराचा दिवस विचारला. "रुई उपटली का मंग सांगतो," शालिकराम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पार्बताबाई कुदळ घेऊन गेली आणि तशीच परत आली.

"माय, उपटली?"

"हयद लागलेली सून हाय ते. जिती सून आपल्या हातानं मारू का मी?"

"माय, सगळेच मारतात."

"सगळ्याइचं सगळे पाहातीन." मग कुदळ भिंतीला टेकवून म्हणाली, "तिची नजर बाडीवर हाय. तुह्यावर नाई. तुह्यावर कोनाची नजर राहीन, बाप्पा? मी माय हाय म्हनून तुह्यासाठी हावो."

मी तिला वाईट म्हणू का? मला धीर होत नाही. त्याला आंघोळ घालणारे, कुशीवर वळवणारे, तापात रात्र काढणारे हात तिचेच होते. ते काम दुसरीनं घेतलं तर आपलं काय उरेल, असं तिला वाटलं असेल. किंवा खरंच ती त्या झाडाला सून समजत असेल. रोज त्याला पाणी घालायची, हे मी पाहिलं आहे. शालिकराम मोट हाकायचा आणि ती फावड्यानं पाण्याची वाट वळवून पाटापलीकडे सोडायची. रुईला पाणी लागत नाही. उन्हाळ्यात सगळं वाळतं, ती वाळत नाही. पाण्यानं भोवतीची काळी माती तेवढी चिखल होऊन राहिली.

पंच म्हणाले, घरचा मामला आहे. भगवंत म्हणाला, पावसाळ्याआधी निकाल लावा, चांदूर बाजारच्या जानरावाचं स्थळ आलं आहे.

एका दुपारी घरात कुणी नसताना चंद्रभाननं मला पाटाकडे वळवलं. पाट त्यानं कसाबसा ओलांडला. पुढे माझी चाकं काळ्या मातीत गेली. त्यानं ठोकळ्यांनी रेटलं, ठोकळे रुतले. त्यानं हातांनी रेटलं. हात कोपरापर्यंत गेले. मी जितका पुढे जाऊ पाहत होतो तितका खाली जात होतो. शेवटी तो माझ्यावरून उतरला आणि पोटावर सरकत गेला. त्यानं रुईचं खोड धरलं. ते मुळातून निघालं नाही, मोडलं. चीक त्याच्या हातावर वाहिला. तो तिथेच पडून राहिला. शालिकरामनं येऊन आधी त्याला उचललं, मग मला. 

काही दिवसांनी मोडलेल्या खोडाखालून कोवळी पानं फुटली. पार्बताबाईनं सगळ्यांना दाखवली.

शकुन बाजारात आली ती टोपली न घेता. नेहमीसारखी खाली बसली.

"चाला. आजच. मले नाई लागत हयद."

"थांब थोडी. माय उपटन."

"तुमची माय नाई उपटत. मले एक सांगा, तुमाले बायको पायजे का वरात?"

तो हार गुंफतच राहिला. मला वाटतं त्याला दोन्ही हवं होतं. शकुननं भर बाजारात, दिवसाढवळ्या, त्याच्या पावलावर हात ठेवला. मग उठून गेली. पावसाळ्याआधी तिचं जानरावाशी मोहतूर झालं.

पुढची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. चंद्रभान हार करीत राहिला. लोक गमतीनं त्याला "रुईचा नवरा" म्हणत, आणि तो त्या नावाला ओ देऊ लागला. माझ्या फळीला चिरा गेल्या, चाकांच्या कडा झिजल्या.

मग पार्बताबाई विहिरीच्या पायरीवरून घसरली. जीव वाचला, पण पाठ गेली. ती काठी धरून वाकून चालायची. मुलाला उचलणं संपलं. पहिल्या दिवशी शालिकरामनं उचललं. नंतर त्याला शेतावर घाई असायची. त्याची बायको म्हणाली, परक्या पुरुषाला मी हात कसा लावू. चंद्रभान कधी कधी संध्याकाळपर्यंत माझ्यावरच राहायचा, ओला. पार्बताबाई समोर भिंतीला टेकून बसायची आणि बघायची. 

एका सकाळी ती खुरपं घेऊन पाटाकडे गेली. बसून, सरकत, खणत राहिली. दुपारी परत आली तेव्हा तिच्या हातात रुईचं मूळ होतं, माणसाच्या हाताएवढं लांब. ते तिनं अंगणात टाकलं. विहिरीवर जाऊन, कुणी मेल्यावर करतात तशी डोक्यावरून आंघोळ केली. ओल्या लुगड्यानं मुलापुढे येऊन उभी राहिली.

"मेली ते. जाय आता."

"कोठी जाऊ, माय?"

"जानराव गेला पटकीत, मांगच्या साली. शकुन चांदूर बाजारात भाजी विकते मनतात."

"मनतात?"

"मनतात."

चंद्रभाननं त्या मुळाकडे पाहिलं. "लय उशीर केला वं, माय," तो म्हणाला. रागानं नाही. तिनं एका फडक्यात भाकरी बांधून त्याच्या मांडीवर ठेवली आणि घरात गेली. आम्ही निघालो तेव्हा ती दारात आली नाही.

अंजनगावच्या रस्त्याला लागलो. मी माझ्याकडून होईल तेवढं केलं, असं मला म्हणावंसं वाटतं. या निंबापर्यंत आलो आणि उजवं पुढचं चाक फुटलं. चंद्रभान कलंडला. बराच वेळ कुणी आलं नाही. मग एलिचपुराकडे परतणारी एक बैलगाडी आली, संत्र्यांच्या रिकाम्या टोपल्यांनी भरलेली. हाकणारा खुशालराव नावाचा म्हातारा होता.

"अकोटले सोडू का? समोरून येनारी गाडी थांबवतो."

"नाई. तुमच्यासंग पुढं घ्या. चांदूर बाजारले जायाचं हाय."

"कोन हाय तिथं तुमचं?"

"हाय का नाई, तेच पाहाले चाललो."

खुशालरावानं त्याला उचलून टोपल्यांमध्ये बसवलं. माझ्याकडे पाहून म्हणाला, "हा नाई मावत, भौ. मोडलाही हाय." चंद्रभाननं खाली वाकून हात लांब केला, पण मी त्याच्या हाताला आलो नाही. गाडी चालू लागली.

त्याला आता माझ्याशिवाय त्या बाईच्या दारात जायचं आहे. खुशालराव त्याला उतरवून जमिनीवर बसवील आणि निघून जाईल. ती बाहेर येईल तेव्हा तो तसाच, मातीत बसलेला असेल. तिनं इतकी वर्षं वाट पाहिली असेल असं मी मानत नाही; तिनं वाट का पाहावी, हेही मला सांगता येत नाही.

तुम्ही त्या बाजूचे असाल, आणि कधी या रस्त्यानं आलात, तर निंबाखाली क्षणभर थांबा. मला एवढंच सांगा, ती त्याच्यापुढे खाली बसली का.