सातव्या थडग्यातली खळ

हेशान गावाच्या पूर्वेला, गोबी वाळवंटाच्या सपाट खडीखाली, सतराशे वर्षांपूर्वीची नऊ थडगी आहेत. त्यांतल्या सातव्यात रंगवलेल्या विटा आहेत. नांगर, कोंबड्या, तुतीचं झाड, मांस भाजणारा आचारी, असं मेल्यावरही माणसाला सोडवत नाही ते सगळं त्यांवर आहे. मागच्या खोलीतल्या एका विटेवर दोन दासी वाफवलेल्या पावांची थाळी घेऊन चालल्या आहेत. मागची दासी पुढचीकडे बघून हसते आहे. त्या अख्ख्या थडग्यात हसणारी ती एकटीच.

मार्च महिन्यात त्या विटेच्या हातभर खाली मू याचिनला पांढरी लव दिसली. मू याचिन थडगी संरक्षण कार्यालयातली तंत्रज्ञ. बारा वर्षांच्या नोकरीत ती विटांशी जेवढं बोलली असेल तेवढं सहकाऱ्यांशी बोलली नसेल. तिने नमुना घेतला आणि अहवाल लिहिला. ही बुरशी आहे. आत येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या श्वासातलं पाणी बंद खोलीत साठतं आणि तेवढं तिला पुरतं. थडगं ताबडतोब बंद करावं. शेवटच्या परिच्छेदात तिने असंही लिहिलं की थडग्यात उतरणारा रस्ता उत्खननापूर्वी होता तसा खडीने भरून टाकणं सगळ्यात उत्तम.

संचालक दोउ ग्वांगलिन यांनी अहवालाची गंभीर दखल घेतली. त्या कार्यालयात गंभीर दखल घेणं म्हणजे समिती नेमणं. अकरा जणांचा ‘जैविक हानी प्रतिबंध नेतृत्व गट’ स्थापन झाला, अध्यक्ष स्वतः दोउ. स्थापनेची बैठक सातव्या थडग्यातच घेतली, कारण फोटोत मागे चित्रं यायला हवी होती. अकरा जण मागच्या खोलीत चाळीस मिनिटं दाटीवाटीने उभे राहिले आणि बुरशी कशी रोखावी यावर बोलले. एक सदस्य सूर्यफुलाच्या बिया खात होता. टरफलं त्याने जमिनीवर न टाकता खिशात ठेवली, याची इतिवृत्तात जागरूकता म्हणून नोंद झाली. खडी भरण्याच्या सूचनेवर दोउ हसले. ज्या थडग्यात उतरताच येत नाही ते कुणाला दाखवणार, असं त्यांनी विचारलं आणि सगळे हसले.

एप्रिलअखेर प्रांताकडून पत्र आलं. जैविक हानीपासून संरक्षणाचं आदर्श स्थळ निवडण्यासाठी वीस मे रोजी पथक येणार होतं. त्या दिवसापासून दोउंना जेवण गोड लागेना.

मे उजाडताच मू याचिन नमुन्याच्या तपासणीसाठी आठ दिवस लानचौ शहरात गेली. थडग्याच्या दाराला दोन कुलपं आहेत. एक किल्ली तिच्याकडे, दुसरी राखणदार कोउ देशानकडे, म्हणजे कुणालाही एकट्याने दार उघडता येऊ नये. जाताना तिने आपली किल्ली नियमाप्रमाणे मोहोरबंद पाकिटात घालून कार्यालयात ठेवली. दोउंनी ते पाकीट दुसऱ्याच दिवशी फोडलं.

ती परतली तेव्हा मागच्या खोलीत, दासींच्या विटेच्या बरोबर खाली, लाल कागदाची लांबलचक पट्टी होती. सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं: ‘बुरशी रोखणे ही प्रत्येकाची जबाबदारी’. कागदाच्या चारही कडांना मांजराच्या पिल्लासारखी मऊ लव फुटली होती.

“काका, हे कशाने चिकटवलंय?” तिने कोउंना विचारलं.

“खळीने. चिकटपट्टी दमट भिंतीवर टिकेना. मग साहेब म्हणाले, नव्या वर्षाला तुमच्या दारावरचे लाल कागद वर्षभर हलत नाहीत, ती खळ आणा. तुझ्या काकूने पातेलंभर शिजवून दिली.”

“मैद्याची?”

“मग कशाची करतात?”

“म्हणजे आपण बुरशीला पंगत वाढली.”

“सांगितलं ते आणलं. तुझं पाकीट फोडताना मला कुणी विचारलं होतं का?”

ती तशीच दोउंकडे गेली. कागद आजच्या आज निघाला तर बुरशी खालच्या साध्या विटांवरच थांबेल, आठवडाभर राहिला तर रंगापर्यंत चढेल, हे तिने नीट समजावून सांगितलं. दोउंनी कॅलेंडर बघितलं. वीस तारखेला अकरा दिवस होते.

“पथक गेलं की काढू,” ते म्हणाले. “भिंतीवर काही दिसलंच नाही, तर आपण काम केलं हे त्यांना कळायचं कसं?”

“साहेब, तोवर दासी जाईल.”

“कोणती दासी?”

ते आठ वर्षं संचालक होते.

कागद ती स्वतः काढू शकली असती, पण दुसऱ्या किल्लीशिवाय दार उघडत नाही. कोउ ऑक्टोबरात निवृत्त होणार होते आणि तोवर त्यांना कुणाच्या नजरेत यायचं नव्हतं. ती रोज सकाळी त्यांच्या खोलीवर जायची आणि ते रोज तिला चहा द्यायचे. किल्ली कमरेलाच राहायची.

वीस मेला वारा सुटला. सात जणांचं पथक आलं, प्रमुख जियांग बोहे. त्यांना आधी स्वागतकक्षात पडद्यावर छत्तीस चित्रं दाखवली आणि मग मटण वाढलं. दोउ प्रत्येकासमोर पेला घेऊन उभे राहिले आणि प्रत्येकाबरोबर तो रिकामा केला. दोन वाजता सगळे थडग्याच्या तोंडाशी पोहोचले तेव्हा वाळू तोंडावर आपटत होती. जियांग यांनी खाली जाणारा लांब, अंधारा उतार बघितला. मग स्वतःचे नवे बूट बघितले.

“इतक्या लोकांनी खाली जाणं थडग्याला बरं आहे का?” त्यांनी विचारलं.

वरिष्ठाला काय ऐकायचं आहे ते ओळखण्यात दोउ कधी चुकले नव्हते. एरवी कुठल्याच गोष्टीची त्यांना एवढी जाण नव्हती.

“अगदी माझ्या मनातलं बोललात,” ते म्हणाले. “आम्ही तर ठरवूनच टाकलंय, साहेब. हा रस्ता खडीने भरून घ्यायचा. दहा वर्षं आत माणूस नाही. आज केवळ आपण आलात म्हणून उघडं ठेवलं.”

“याला म्हणतात संरक्षण,” जियांग म्हणाले आणि गाडीकडे वळले. पथकातल्या एकानेही आत पाऊल टाकलं नाही. मू याचिन हातात सात हेल्मेटं घेऊन मागे उभी होती.

दुसऱ्या दिवशी दोउंचं वाक्य तालुक्याच्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर होतं. मू याचिनने ते पान आणि खडी भरण्याचा, फक्त सही बाकी असलेला आदेश, दोन्ही त्यांच्या टेबलावर ठेवली.

“अगं, ते बोलण्याच्या ओघात गेलं,” दोउ म्हणाले. “असं बोलावं लागतं.”

“मग जियांग साहेबांना कळवते, की तसं काही ठरलेलं नव्हतं.”

दोउंनी आदेश जवळ ओढला. मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

त्याच दुपारी कोउंनी कमरेची किल्ली काढली आणि दोघं खाली उतरले. कागद एका ओढीत निघाला. मागे भिंत राखाडी झाली होती आणि तो राखाडी थर वर दासींच्या विटेवर चढला होता. मू याचिनने तीन दिवस गुडघ्यांवर बसून बारीक ब्रशने काम केलं, कोउंनी दिवा धरला. पुढची दासी वाचली. मागचीच्या नाकाखालचा रंग बुरशीबरोबर निघून आला आणि खाली कोरी वीट दिसली.

“एक तरी राहिली,” कोउ म्हणाले.

“राहिली ती हसत नव्हती, काका.”

कोउंनी दिवा या हातातून त्या हातात घेतला.

खडीच्या गाड्या पंचवीस तारखेला आल्या. दुसऱ्या दिवशी दोउ छायाचित्रकाराला घेऊन आले. फावड्याच्या दांड्याला लाल फीत बांधलेली होती. त्यांनी हलक्या हाताने एक फावडं खडी उतारावर टाकली आणि कॅमेऱ्याकडे बघितलं. फोटो काढून झाल्यावर ते फावडं खाली ठेवणार, एवढ्यात मू याचिन पुढे झाली.

“डोळे मिटलेले आलेत, साहेब,” ती म्हणाली. “अजून एक टाका.”

छायाचित्रकाराने चमकून तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा कॅमेरा उचलला. दोउंनी आणखी एक टाकली. मग तिने चेहऱ्यावर सावली आल्याचं सांगितलं. मग फीत वळल्याचं. वाऱ्यात घाम पुसत संचालक दोउ ग्वांगलिन यांनी सातव्या थडग्यात एकूण चौदा फावडी खडी टाकली.