मुलीबद्दल काय सांगाल?

इथे येऊन तीन महिने झाले, तरी मला कचऱ्याचं कोडं सुटलेलं नाही. तीन डबे, तीन रंग. दुधाचा खोका कागदाचा दिसला म्हणून कागदात टाकला, तर खालच्या मजल्यावरच्या आजींनी तो आमच्या दारात परत आणून ठेवला, तोही हसत हसत. रागावल्या असत्या तर निदान काहीतरी कळलं असतं. जिन्यातला दिवा मी अर्ध्यावर पोचलो की विझतो. दार आपोआप बंद होतं आणि किल्ली आत राहते. आमची ही म्हणते, "अहो, होईल सवय." तिला झालीसुद्धा. कपडे धुण्याच्या कारखान्यात लागली आणि आठ दिवसांत तिथल्या बायकांबरोबर डबा वाटून खायला लागली. भाषा येत नाही, पण तिचं काही अडत नाही. माझं पावलोपावली अडतं.

मी लिफ्टची दुरुस्ती करतो. एकवीस वर्षं तेच केलं. इथे पहिल्या दिवशी मुकादमाने कंट्रोलरची पेटी उघडली आणि बोटाने दाखवून विचारलं, हे येतं का? तसल्या पेट्या मी डोळे झाकून जोडल्या आहेत. पण पहिल्याच दिवशी कोणी आपली टिमकी वाजवतं का? मी दोन बोटांची चिमूट धरून दाखवली, थोडंफार. त्याने मान डोलावली आणि मला लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात पाठवलं, सांडलेलं ग्रीस पुसायला. ते मी अजून पुसतोय. माझं काय चुकलं, ते काही केल्या कळेना.

घरात भाषा आली ती एकट्या ठकीला. ठकी आमची मुलगी, वय बारा. बँकेत, दवाखान्यात, घरमालकाकडे, सगळीकडे आम्ही तिला पुढे करतो आणि मागे हाताची घडी घालून उभे राहतो. आपलं एवढंसं पोर आपल्या वतीने मोठ्या माणसांशी बोलतंय, हे बघताना छाती फुगते आणि लाजही वाटते.

शाळा सुरू झाली त्या आठवड्यात गणिताच्या बाईंनी आम्हा दोघांना भेटायला बोलावलं होतं. मध्ये ठकी, दुभाषी म्हणून. बाईंनी विचारलं, मुलीबद्दल काय सांगाल?

आता याला उत्तर काय असतं, ते आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मी म्हटलं, "कसलं काय! जेमतेम आहे. आकडेमोड करते थोडीफार, पण धांदरट. आता तुमच्या पदरात टाकलीय, तुम्हीच काय ते वळण लावा."

ही म्हणाली, "घरी तर पुस्तकाला हात लावत नाही हो."

आमचं म्हणून झालं. आता बाईंनी म्हणायचं होतं, "अहो, असं काय म्हणता, चांगली हुशार आहे पोर!" मग आम्ही "छे छे" म्हणणार, त्या "नाही नाही" म्हणणार, आणि सगळे खूश होऊन घरी जाणार. आम्ही वाट बघत बसलो. बाई मान खाली घालून लिहीत होत्या. लिहून झालं तशा उठल्या आणि त्यांनी हात मिळवला. माणूसघाणी दिसते बाई, असं मी जिन्यात हिला म्हणालो.

परवा संध्याकाळी ठकीच्या दप्तरातून एक कागद पडला. त्यावर सात गोल अधिक आठ गोल, आणि खाली रंगवलेले पंधरा गोल. मला वाटलं, वर्गातल्या कुणाच्या धाकट्या भावाचा असेल.

"माझा आहे," ठकी म्हणाली. "आम्हाला ठोकळे देतात. मोजायला."

"तुला? ठोकळे?"

या पोरीने अकराव्या वर्षी मावसभावाची दहावीची गणितं शेजारी बसून सोडवली होती. तो घोडा नुसता उतरवून घ्यायचा. माझं डोकंच फिरलं. तिने दप्तरातून शाळेचं पत्रही काढून वाचून दाखवलं. गणिताचे तीन गट आहेत आणि ठकी सर्वांत खालच्या गटात. शुक्रवारपर्यंत पालकांनी हरकत घेतली नाही, तर वर्षभर तोच गट, आणि पुढच्या वर्षी मोठ्या शाळेत कुठल्या वर्गात बसवायचं, तेही त्यावरूनच ठरणार.

"तीन आठवडे झाले याला! बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं?" ती म्हणाली आणि कागद घडी करून परत आत ठेवला.

मला सगळा उलगडा झाला असं वाटलं. परके लोक, आपलं तोंड बघितलं आणि पोरीला तळाला बसवलं. मी घरात येरझाऱ्या घालत बाईंना काय काय सुनवायचं ते मोठ्याने म्हणून बघत होतो. ही कणीक मळत ऐकत होती. म्हणाली, "सुनवा. पण आधी विचारा. तुम्ही सुनवता आधी आणि विचारता मग."

शुक्रवारी हिची कारखान्यात पाळी होती, म्हणून मी आणि ठकी दोघेच गेलो. लहान मुलांच्या खुर्च्या, गुडघे हनुवटीला टेकलेले, अशा अवस्थेत भांडायला जोर येत नाही. तरी मी सुरुवात केली. "विचार त्यांना, कशावरून ठरवलं?"

ठकीने विचारलं. बाईंनी शांतपणे फाईल उघडली, एक पान काढलं आणि त्यावर बोट ठेवून वाचायला लागल्या. ठकी एकेक वाक्य मराठीत सांगत गेली. "जेमतेम आहे. आकडेमोड थोडीफार करते. धांदरट आहे. घरी पुस्तकाला हात लावत नाही." मग थांबून म्हणाली, "बाई म्हणतायत, परीक्षेचा पेपर मला तेव्हा नीट वाचता आला नसता, म्हणून घेतला नाही. पालक मुलीला सर्वांत जास्त ओळखतात, म्हणून तुमच्यावर विश्वास ठेवला."

मी कपाळाला हात लावला. दोष द्यायला समोर कोणीच उरलं नव्हतं. मुकादमाला दाखवलेली ती चिमूटही लख्ख आठवली. म्हणजे ह्या लोकांना आपण सांगतो ते खरंच वाटतं?

"अगं, ते तसं म्हणायचं असतं म्हणून म्हटलं!"

"हे कसं सांगू?" ठकीने विचारलं.

"सांग, की आमच्याकडे आईबाप स्वतःच्या पोराला चांगलं म्हणत नाहीत. दृष्ट लागते. पोर शेफारतं. चांगलं म्हणायचं ते दुसऱ्यांनी."

ठकी बराच वेळ बोलली. बाई कपाळाला आठ्या घालून ऐकत होत्या. राग नव्हता, माझ्यासारख्याच गोंधळल्या होत्या. त्यांनी काहीतरी लहानसं विचारलं.

"त्या विचारतायत, मग मुलांना कळतं कसं?"

"काय कळतं कसं?"

"की आपण चांगले आहोत म्हणून."

"कळतं," मी म्हणालो. "आपोआप कळतं. त्यात सांगायचं काय?"

ठकीने तेवढं सांगितलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग खुर्ची थोडी वळवून थेट ठकीला काहीतरी विचारलं. ठकीने एकाच शब्दात उत्तर दिलं. तीन महिन्यांत मी इथले जे दहाबारा शब्द शिकलोय, त्यात तो आहे. नाही.

"काय विचारलं त्यांनी?"

"काही नाही."

"ठके."

"विचारलं, तुला कळलं होतं का." ती टेबलाच्या कडेकडे बघत होती. "नाही म्हटलं."

म्हणजे त्या दिवशी ती नुसतं दुभाष्याचं काम करत नव्हती. माझा शब्द न् शब्द खरा मानून ती बाईंना सांगत होती. ठोकळे पुढे आले तेव्हा तिने मुकाट्याने मोजले, कारण बापानेच सांगितलं होतं, जेमतेम आहे. मला तिथल्या तिथे रडू फुटेल असं वाटायला लागलं. परक्या बाईसमोर, गुडघे पोटात घेऊन.

"इकडे बघ," मी म्हणालो. "तू हुशार आहेस. आपल्या अख्ख्या खानदानात तुझ्यासारखं डोकं कुणाचं नाही, माझं तर नाहीच. तू झोपलीस की मी आणि तुझी आई दुसरं काही बोलत नाही. इथे आलो तेसुद्धा तुला मोठं शिकता यावं म्हणून. एवढं बारा वर्षांत तुझ्या तोंडावर बोललो नाही, चुकलं माझं."

बोलताना भीतीही वाटत होती. आजवर जे पोटात जपून ठेवलं ते उघड्यावर मांडलं होतं, आणि ह्याचं बरं होईल की वाईट, मला काही कळत नव्हतं. ठकीचे कान लाल झाले होते. बाईंनी विचारलं, काय म्हणाले? तेवढं मला समजलं. ठकी त्यांना हळूच दोनतीन शब्द बोलली. बाईंनी मान हलवली, कागदावरच्या ओळींवर रेघ मारली आणि सोमवारची वेळ लिहून दिली. बाई स्वतः बसून तिची परीक्षा घेणार, नुसत्या आकड्यांची, भाषा न लागणारी.

बाहेर बसथांब्यावर मी विचारलं, "एवढं मी बोललो, आणि तू दोन शब्दांत गुंडाळलंस? काय सांगितलंस त्यांना?"

"सांगितलं, बाई, ते तुमच्यासाठी नव्हतं."

बस यायला सात मिनिटं होती. ठकीने दप्तर एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"बाबा, सोमवारी नाही जमलं तर? मग परत जेमतेम?"

"नाही," मी म्हणालो. "तरी नाही."

तिने वाकून बस दिसते का ते पाहिलं. मग म्हणाली, "परत एकदा म्हणा ना."

थांब्यावर आणखी चार माणसं उभी होती. त्यांना एक अक्षर समजणार नव्हतं, तरी मला कुठे बघावं ते कळेना. मी खाली वाकलो आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लागलो.