खोट्या वस्तूंच्या खऱ्या चिठ्ठ्या

वत्सलेला मॅट्रिकच्या परीक्षेत इंग्रजीत पहिल्यांदा एकोणतीस मार्क पडले आणि दुसऱ्यांदा एकतीस. दर वेळी दोनच वाढत असतील तर पस्तिसाला अजून दोन परीक्षा लागतील, असं तिची धाकटी बहीण झुंबर म्हणाली आणि लगेच दंडावर चिमटा खाऊन बसली.

झुंबर अकरा वर्षांची, वत्सला विशीची; तरी दोघी एकाच वर्गात होत्या. गंगापूर रोडच्या आतल्या अंगाला त्यांची वसाहत होती. वसाहतीतल्या छोट्या विहारात रिटायर झालेले सावळीराम गुरुजी रोज संध्याकाळी पोरांना फुकट इंग्रजी शिकवत. पोरं पुढे सतरंजीवर, आणि वत्सला मागे खांबाला टेकून, आपण जणू बहिणीला न्यायला आलोय अशा थाटात बसायची. गुरुजींनी तिचा तो थाट कधी मोडला नाही. मात्र एखाद्या पोराचं उत्तर अडलं की ते खांबाकडे बघून थांबायचे, आणि खांबाकडून हळूच उत्तर यायचं.

गुरुजींची शिकवायची तऱ्हा वेगळी होती. शब्द वहीत कोंडायचा नाही, वस्तूला चिकटवायचा. पोरं कागदाच्या चिठ्ठ्या करायची, त्यावर इंग्रजी शब्द लिहायची आणि कणकेच्या खळीने दाराला, माठाला, घडवंचीला चिकटवायची. रविवारी सकाळी गुरुजी लाल पेन्सिल घेऊन घरोघर फिरायचे आणि बरोबर चिठ्ठीवर खूण करायचे. ती खूण पडेपर्यंत चिठ्ठी काढायची नाही, हा वर्गाचा कायदा. वसाहतीतल्या बायका शनिवारी भिंती पुसतानाही चिठ्ठ्या चुकवून पुसायच्या.

चौऱ्याहत्तर सालच्या मार्च महिन्यात एका सोमवारी गुरुजींनी खोट्या वस्तूंचा धडा घेतला. सुरुवातीलाच त्यांनी तोंडातली कवळी काढून रुमालावर ठेवली. पोरं हसून लोळली. मग त्यांनी ती पुन्हा बसवली, कारण तिच्याशिवाय त्यांना शब्द उच्चारता येईना, आणि म्हणाले, हे फॉल्स टीथ. दात खोटे आहेत, पण मी कुणाला फसवलंय का? पोरं म्हणाली, नाही, तुम्ही भाकरी खाता. तर मग खोटं म्हणजे सगळं एकाच जातीचं नसतं, असं सांगून गुरुजींनी फळ्यावर शब्दांची रांग लावली. कागदाचं फूल आर्टिफिशियल. काचेचे मोती इमिटेशन. दुकानातल्या काचेमागचा रिकामा डबा डमी. चंद्रावरचा ससा इमॅजिनरी. नुसतं रचून कागदावर खरं म्हणून मांडलेलं ते फिक्टिशस. आणि फसवायलाच बनवलेलं ते बोगस. घरी जाऊन प्रत्येकाने अशा वस्तू शोधायच्या आणि ज्याला जो शोभेल तो शब्द लावायचा. रविवारी तपासणी.

नेमका तोच रविवार वत्सलेला बघायला येणाऱ्यांचा होता.

मुलाचं नाव उत्तम. मालेगावला शाळेत मास्तर. त्याची अट एकच होती: हुंडा नको, पण मुलगी मॅट्रिक पास हवी. लग्नानंतर तिला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला घालायचं त्याच्या मनात होतं. स्थळ आणणाऱ्या धोंडाबाई आत्याने घरात विचारायच्या आधीच कळवून टाकलं की मुलगी पास आहे, आणि वत्सलेच्या बाबांनी, धोंडीरामांनी, ते माहितीच्या कागदावर आपल्या वळणदार अक्षरात उतरवलं. कचेरीत शिपाई म्हणून वीस वर्षं काढलेल्या माणसाला कागदावर खोटं लिहिताना घाम फुटला होता, हे वत्सलेने दाराआडून पाहिलं होतं.

तिला मास्तर आवडेल की नाही हे अजून ठाऊक नव्हतं, पण ट्रेनिंग फार आवडलं होतं. आणि ते अशा पायावर उभं होतं की कुणी मार्कांचा कागद मागितला की कोसळणार. खरं काय ते कळवा, असं तिने बाबांना दोनदा सांगून पाहिलं. ते म्हणाले, लग्नानंतर कोण कागद बघतो.

शनिवारपासून घराला पाहुण्यांसाठी नटवायचं काम सुरू झालं. वसाहतीत रीतच होती. कुणाकडे पाहुणे बघायला येणार म्हटलं की सगळ्या घरांतून वस्तू यायच्या. गुरुजींच्या दोन घडीच्या खुर्च्या आल्या. शेजारच्या लताबाईंनी काचेचं भांडं आणि त्यात प्लास्टिकची द्राक्षं दिली. बाजारात खऱ्या द्राक्षांचे ढीग लागले होते, पण ती पाहुणे येईपर्यंत पोरं शिल्लक ठेवत नाहीत, असा लताबाईंचा अनुभव होता. कोपऱ्यावरच्या घरातून एक रेडिओ आला. त्याच्या पोटात काहीच नव्हतं, पण बाहेरून रुबाबदार दिसायचा. भिंतीवर वत्सलेचा स्टुडिओतला फोटो लागला: मागे कारंज्याची बाग रंगवलेला पडदा आणि वत्सलेच्या कानाला टेलिफोन. गळ्यासाठी मोत्यांची माळ आली.

झुंबरला तर घबाडच सापडलं. इतर पोरं एक-एक वस्तू शोधत वणवण फिरत होती, आणि हिच्या घरात माल चालून आला होता. तिने द्राक्षांच्या भांड्यावर आर्टिफिशियल, रेडिओवर डमी, फोटोतल्या बागेवर इमॅजिनरी अशा चिठ्ठ्या ठोकल्या. माळेला दोऱ्याने इमिटेशन बांधलं.

वत्सलेने ते पाहिलं. ती ओलं फडकं घेऊन चिठ्ठ्या काढायला गेली, तर आई आडवी आली.

आईला, विठाबाईंना, त्या चिठ्ठ्या मनापासून आवडल्या होत्या. मास्तर मुलगा येणार, घरात चार जागी इंग्रजी दिसलं तर बिघडलं कुठे, असं त्यांचं म्हणणं.

"आई, त्यावर लिहिलंय की हे सगळं खोटं आहे."

"तू दोनदा नापास झालीस त्यात," विठाबाई म्हणाल्या. "मला शिकवू नकोस."

बाबांनीही मान डोलावली. झुंबरने वर्गाचा कायदा सांगितला. झालं, चिठ्ठ्या राहिल्या. वत्सलेने माळेची चिठ्ठी तेवढी पदराआड खोचली.

रविवारी दहाच्या सुमाराला पाहुणे आले. उत्तम, त्याची आई आणि काका खंडेराव. जयभीम झाला, पाणी झालं. खंडेराव मोठ्या मिशांचे, बोलके गृहस्थ. त्यांनी द्राक्षांचं भांडं मांडीवर ओढलं, चिठ्ठी डोळ्यांजवळ धरून बराच वेळ न्याहाळली आणि नाशिकची द्राक्षं नेहमीचीच, पण ही इलायती जात दिसते, बेस शे, असा आपल्या अहिराणीत शेरा देऊन एक टपोरं द्राक्ष तोंडात टाकलं. मग ते एकाएकी बोलायचे थांबले. थुंकावं तर यजमानांचा अपमान, गिळावं तर जिवाला धोका. त्यांनी ते गालात सरकवून ठेवलं आणि गंभीर चेहऱ्याने मान हलवत राहिले.

वत्सला पोह्यांच्या बशा घेऊन आली तेव्हा उत्तमची नजर फिरत होती. भांडं. रेडिओ. फोटो. प्रत्येक चिठ्ठीपाशी ती थोडी थांबत होती. त्याचा चेहरा सरळ होता, पण कान लाल झाले होते. चिडलाय की हसू दाबतोय, ते तिला कळेना.

रीतीप्रमाणे उत्तमच्या आईने मुलीचं अक्षर बघायला मागितलं. नाव लिही आणि शिक्षण लिही, बाई. झुंबरने तत्परतेने आपली पेन्सिल आणि एक कोरी चिठ्ठी पुढे केली.

वत्सलेने नाव लिहिलं. खाली मॅट्रिक लिहिलं. पेन्सिल तिथेच थांबली. सगळ्या घराने खऱ्याखोट्याचा हिशोब भिंतीवर मांडून ठेवला होता आणि सगळ्यात मोठ्या खोट्यावरच चिठ्ठी नव्हती. फळ्यावरची रांग तिच्या डोळ्यांपुढून गेली. मग मॅट्रिकपुढे तिने एक शब्द लिहिला आणि चिठ्ठी उत्तमच्या हातात दिली.

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. धोंडाबाई आत्याने कौतुकाने विचारलं, अक्षर कसं आहे. धोंडीरामांना काहीतरी उमगलं आणि त्यांनी हातातली बशी खाली ठेवली.

तेवढ्यात दारातून सावळीराम गुरुजी आत आले. रविवार होता, तपासणीचा दिवस होता, आणि पाहुणे हे काही तपासणी चुकवायचं कारण नव्हतं. त्यांनी सगळ्यांना जयभीम केला आणि कानावरची लाल पेन्सिल काढली. भांड्यावर खूण. रेडिओवर खूण. फोटोवर खूण.

"अजून एखादी?"

"ताईच्या गळ्यात," झुंबर म्हणाली.

वत्सलेने पदराआडून चिठ्ठी बाहेर काढली. गुरुजींनी तीही तपासली. मग उत्तम उठला आणि म्हणाला, "गुरुजी, ही पाचवी."

गुरुजींनी चष्मा वर केला. चिठ्ठीवर वत्सलेचं नाव होतं, मॅट्रिक होतं आणि पुढे फिक्टिशस. आत्या काय झालं, काय झालं म्हणून विचारत होती. धोंडीराम मात्र मान खाली घालून म्हणाले, "पोरगी पास नाही. लिहिणारा मी आहे."

घरात फक्त खंडेरावांच्या गालातलं द्राक्ष दातावर आपटल्याचा आवाज आला.

उत्तमने वत्सलेला पहिल्यांदाच सरळ विचारलं. "हाच शब्द का? बोगस का नाही लिहिलंत?"

हा प्रश्न खांबाला टेकून ऐकल्यासारखा होता, आणि अशा प्रश्नांची उत्तरं तिला येत होती.

"बोगस फसवायला करतात. बाबांना फसवायचं नव्हतं. मी पास व्हावी असं त्यांना फार वाटत होतं, म्हणून त्यांनी कागदावर मला पास करून टाकलं."

गुरुजींनी चिठ्ठी भिंतीवर धरली आणि लाल खूण केली. बाजूला मार्क घातले: दहापैकी दहा. इंग्रजीत पूर्ण मार्क वत्सलेला जन्मात पडले नव्हते. तिने ते पाहिले आणि डोळ्यांत आलेलं पाणी पदराने पुसायला गेली, तर इमिटेशनची चिठ्ठीच डोळ्याला लागली.

आता मात्र उत्तमला हसू आवरेना. त्याची आई हसली. खंडेरावांनाही हसू आलं, आणि तोंड उघडताच द्राक्ष टणकन बशीत पडलं. "मी म्हणत होतो," ते म्हणाले, "साल भलतीच जाड शे."

हसणं ओसरल्यावर झुंबर उत्तमच्या मनगटाकडे बोट दाखवून म्हणाली, हे घड्याळ तुमचं सैल का? त्याने खरं सांगितलं. घड्याळ हेडमास्तरांचं होतं, काकांनी बळेच घालायला लावलं होतं. यावर कुठली चिठ्ठी लावशील, असं त्यानेच विचारलं.

"चालतं का?"

"चालतं."

"मग ते खोटं नाही. उसनं आहे."

गुरुजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

जाताना उत्तम धोंडीरामांना म्हणाला की त्याची अट होती तशीच आहे, फक्त ती ऑक्टोबरच्या परीक्षेपर्यंत थांबू शकते. किती मार्क कमी पडले ते झुंबरने एव्हाना सांगून टाकलं होतं; इतके शब्द नेमके ओळखणाऱ्या मुलीला चार मार्क जड जाऊ नयेत. मग वत्सलेकडे वळून त्याने विचारलं, दिवाळीला येईन तेव्हा काय आणू, ट्रेनिंगचा फॉर्म की इंग्रजीचं पुस्तक?

"फॉर्म," ती म्हणाली. "पुस्तक आहे माझ्याकडे."

सोमवारी संध्याकाळी ती विहारात खांबाला टेकून बसली नाही. पुढे सतरंजीवर, पोरांच्या रांगेत, वही उघडून बसली. घरी विठाबाई लताबाईंना द्राक्षं परत करत होत्या. एक द्राक्ष चेपलं होतं, पण त्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. सांगत मात्र होत्या की पोरगी चिठ्ठ्या पुसायला निघाली होती, मीच पुसू दिल्या नाहीत. इंग्रजीतलं मला थोडंफार कळतं.